सहा ते सात

घंटा वाजली तेव्हा ती दारापासून दोन हातांवर बसली होती, तरीही दचकली. घंटाच तशी होती. साध्या घरांच्या दारांवर असते तशी नाजूक किणकिण नव्हे, तर एका मोडीत निघालेल्या लिफ्टची धोक्याची घंटा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणाऱ्या तिच्या भावानं, दादानं, आणून बसवलेली. बसवल्यावर त्यानं ती वाजवून दाखवली होती आणि कानांवर हात ठेवत म्हणाला होता, "आता तू झोपेत अस, अंघोळीत अस, नाहीतर मेलेली अस. उठून बसशील." तिघंही हसले होते, आई तर खोकला लागेपर्यंत. आता ती घंटा वाजून थांबली आणि बाहेर जिन्यावर कुणीतरी नाक ओढलं. कोण ते पाहायची गरज नव्हती. सकाळी सहा ते सातमध्ये या दाराशी येणारी माणसं एकाच कामाची असतात: खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर अर्धवट राहिलेली झोप. आई त्यांना नमुनेवाल्या म्हणायची. "तुझी नमुनेवाली आली का गं आज?" असं फोनवर विचारायची, दूधवाला आला का विचारावं तितक्या सहज. उठायचं, कडी काढायची, "या" म्हणायचं. इतकी वर्षं ती हेच करत आली होती. आज ती बूट ठेवायच्या ठेंगण्या कपाटावर भिंतीला टेकून बसून राहिली, आणि आपण उठलो नाही तर काय होईल हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिला हायसं वाटलं.

त्याचं असं होतं, की ती चालायची. चालण्याच्या शर्यतीत, देशाच्या वतीनं, परदेशात जाऊन. या शर्यतीचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग हसल्याबद्दल ओशाळतात. यात धावायचं नसतं. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा आणि टेकलेल्या पायाचा गुडघा सरळ हवा. रस्त्याच्या कडेला पंच उभे असतात आणि नुसत्या डोळ्यांनी पाय उचलला की टेकला ते बघतात. मग कंबर अशी काही हलायला लागते की दादानं पहिल्याच दिवशी तिचं नाव बदक ठेवलं, आणि ते चिकटलं. आईला ही शर्यत शेवटपर्यंत पटली नाही. "चालायला कसले सर लागतात?" ती म्हणायची. "मी शिकवलं तुला चालायला. पलंगाच्या कडेला धरून. दहा वेळा आपटलीस, तेव्हा कोणी पंच नव्हते आले बघायला." आई एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पँटी आखूड करून द्यायची, बाह्या लांबवायची, कंबर घ्यायची. माणसांच्या मापांचं तिला भारी कळायचं. कोणाचा एक पाय बोटभर आखूड आहे, कोण एका खांद्यावर ओझं वाहतो, हे तिला कापडावरून समजायचं. मुलगी आंतरराष्ट्रीय झाल्यावर तिनं दुकानात काउंटर-काउंटरवर जाऊन सांगितलं होतं, आणि लगेच पुढे जोडलं होतं, "नुसतं चालते हो, फार काही नाही."

आंतरराष्ट्रीय झाल्याबरोबर तो तास मागे लागला. कुणी उत्तेजक औषधं घेऊन जोर करू नये म्हणून जगभरच्या खेळाडूंसाठी केलेला नियम. रोजचा एक तास ठरवून द्यायचा आणि त्या तासात आपण कुठे असू ते आदल्या दिवशी फोनवर भरून ठेवायचं. त्या तासात कुणीही न सांगता येईल, समोर उभं राहून लघवीचा नमुना घेईल. आलं आणि तुम्ही सापडला नाहीत, तर एक चूक. वर्षभरात अशा तीन झाल्या, की औषध घेतलेलं असो वा नसो, दोन वर्षं घरी बसायचं. कुणाचं काय अडलं होतं, कुणाचं कोण आजारी होतं, याच्याशी नियमाला कर्तव्य नाही, आणि नसावंही. तिला हा नियम आवडायचा. खरंच आवडायचा. तिच्या पुढे निघून गेलेल्या, पदकं घेतलेल्या आणि मग पकडल्या गेलेल्या दोघींची तोंडं तिला आठवायची. पदक त्यांच्याकडून काढून तिच्याकडे टपालानं आलं होतं, खोक्यात, कुणी टाळी न वाजवता. त्यामुळे सहा ते सात हा तास तिनं स्वतःहून निवडला. या वेळेला माणूस घरीच असतो, चुकायचं काय त्यात? आणि त्याबरोबर सगळ्याच खेळाडू करतात ते तीही करायला लागली: उठल्यावर सात वाजेपर्यंत बाथरूमला जायचं नाही. नाहीतर बाई यायच्या आणि बाटलीत द्यायला काही नसायचं, मग पाणी पीत बसा दोघी एकमेकींची तोंडं बघत. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "देशासाठी काय काय धरून ठेवतेस गं बाई!"

घंटा पुन्हा वाजली. या वेळी जरा जास्त वेळ. तिच्या पाठीमागची भिंत थरथरली आणि ती थरथर तिच्या दातांत उतरली. पहिली चूक या घंटेच्या आधीची. जुनी बेल बंद पडलेली तिला कळलंच नव्हतं; ती आत कानात गाणी घालून व्यायाम करत होती आणि बाहेर माणूस तासभर मेलेलं बटण दाबत उभा होता. तिनं मोठा अर्ज केला, उत्तर दोन ओळींचं आलं: बेल चालू ठेवणं ही खेळाडूची जबाबदारी. दुसरी चूक आईच्या घरी झाली. आईला दुकानात चक्कर आली होती, टाचण्यांच्या डब्यासकट खाली बसली होती. संध्याकाळी ती बघायला गेली तर आई पलंगावर बसून, मला काही झालं नाही, मला काही झालं नाही, म्हणत होती, आणि निघताना मात्र तिनं हात धरला. "आजची रात्र राहा गं. नुसती राहा, बोलू नकोस." ती राहिली. त्याच जुन्या पलंगावर आईच्या पाठीला पाठ लावून झोपली आणि पत्ता बदलायचं साफ विसरली. सकाळी सव्वासातला तिला आठवलं तेव्हा इकडे बाई येऊन, वाट बघून, गेल्याही होत्या. आईला हे सांगायलाच नको होतं. पण आईनं तोंड बघूनच ओळखलं आणि मग काही केल्या सोडेना. "माझ्यामुळे गेली ना दुसरी?" "नाही गं." "माझ्याचमुळे. मीच म्हटलं राहा." त्या दिवसापासून रोज रात्री जेवणं झाली की आईचा फोन यायचा. हालहवाल नाही, काही नाही, पहिलाच प्रश्न: "उद्याचं भरलंस?" तिनं "हो" म्हटलं की, "ठेवते मग."

तर आता कडी काढली नाही की तिसरी. बसल्या जागी, हात न हलवता. वय असं, की दोन वर्षं म्हणजे कायमचंच. सर चिडतील, मग रडतील. सर रडके आहेत. मोठ्या स्पर्धेच्या यादीतून नाव जाईल, ज्या स्पर्धेसाठी ती चार वर्षं पहाटे उठली. जाऊ दे ना. ती सगळी पहाट, तो सगळा घाम, ते खोक्यातून आलेलं पदक, सगळं या दाराच्या अलीकडे बसून तिला एका झटक्यात फेकून टाकता येणार होतं. आईला जाऊन महिना झाला नव्हता आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी करावंसं वाटलं होतं, ते हे: काही न करणं.

आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी आधी काही आठवडे सांगितले, मग आठवडे म्हणायचं बंद केलं. रात्री दादा थांबायचा, दिवसा ती. वॉर्डच्या दारावर एक दांडगा रखवालदार होता, भेटीच्या वेळेआधी तो सख्ख्या नवऱ्याला आत सोडत नव्हता. एकदा तिनं आईला म्हटलं, मी इथलाच पत्ता भरते, रात्री इथंच थांबते. आईनं उशीवरून मान हलवली. "आणि तुझी नमुनेवाली? तिला तो दारावरचा आत सोडेल होय? ती खाली उभी, तू वर, आणि झाली तिसरी. घरी जा. सात वाजले की ये. मी कुठे पळून चाललेय?" आईला उठता येत नव्हतं तेव्हाची गोष्ट. दुपारी ती आईला भांडं द्यायची, पडदा ओढून घ्यायची, आणि आई भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "तू तिकडे बघ." "बघत नाहीये मी." "तुला सवय आहे बाई, परक्या बायका समोर उभ्या असताना करायची. मला नाही." मग दोघी हसायच्या आणि हसण्यात ते व्हायचं. आईची मांडी तिच्या हाताएवढी झाली होती. मापांचं आईला कळायचं, तेव्हा ते आईलाही कळलेलं असणार. तिनं तो विषय काढला नाही, आईनंही नाही. संध्याकाळ झाली की आई घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, "निघ आता. आणि भर आठवणीनं."

त्या दिवशी ती अशीच, याच कपाटावर बसलेली होती. बूट घालून, फोन मांडीवर ठेवून, सात वाजायची वाट बघत. सहा वाजून थोडे झाले असतील. फोन आला, दादाचा. दादा फोनवर कधी हळू बोलत नाही, लिफ्टच्या खड्ड्यातून वर ओरडायची सवय त्याला. त्या दिवशी हळू बोलला. "ये तू. लगेच ये. डॉक्टर म्हणतात, वेळ नाही." आणि ती म्हणाली, "सात वाजता निघते." हे वाक्य तिच्या तोंडून आलं. तिनं ते आधी ठरवलं नव्हतं, त्यावर विचार केला नव्हता. रोज जे म्हणायची तेच ती म्हणाली. दादा म्हणाला, "काय?" ती म्हणाली, "तास सुरू झालाय दादा. आता बदलता येत नाही."  त्याच्या मागे कसलीशी ट्रॉली गेल्याचा आवाज. मग तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. त्यानं शिवी दिली असती, नुसतं नावानं ओरडला असता, तरी ती उठली असती असं तिला पुढे अनेकदा वाटलं. पण दादानं बरं म्हटलं. आणि ती बसून राहिली. एकदा उठली, कडीला हात लावला, पुन्हा बसली. आईच म्हणाली होती ना, सात वाजले की ये. आईचंच ऐकतेय मी, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि ते खोटं नव्हतं. पण तिला शर्यत हवी होती. हेही खोटं नव्हतं. आईसाठी थांबली की स्वतःसाठी, हे तिनं नंतर इतक्या वेळा उलगडून पाहिलं होतं की आता दोन्ही धागे हातात येतच नव्हते. आठवायचं ते एकच: त्या अख्ख्या तासात तिनं देवाजवळ एवढंच मागितलं, की घंटा वाजू दे. कुणीतरी ये. एकदा नमुना घेतला की उरलेला तास आपला असतो, मग माणूस मोकळा. नाहीतर तिला, त्या बाईला, सोबत घेऊन निघाले असते, बॅगेसकट, असेल तिथं भरून दिली असती बाटली. ये गं बाई. ये ना. घंटेकडे बघून बघून तिचे डोळे दुखायला लागले. कुणी आलं नाही.

सात वाजले तशी ती निघाली. दवाखाना काही लांब नव्हता, आणि गाडीची वाट बघायचं त्राण नव्हतं. ती धावली, म्हणजे धावायला लागली, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं की आपण धावत नाही आहोत. इतक्या वर्षांत अंगाला जे वळण लावलं होतं ते अंगानं सोडलं नाही. घाई म्हटली की पाय जमिनीला चिकटायचे, गुडघा ताठ व्हायचा, कंबर हलायला लागायची, कोपर मागे-पुढे. ती चालत होती, शर्यतीतलं चालणं, भर रस्त्यात, घरातल्या कपड्यांवर, पोट लघवीनं फुटायला आलेलं. दुकानाचं शटर वर करणारा एक माणूस तिच्याकडे बघून हसला आणि त्यानं आतल्या कुणाला तरी बोलावलं बघायला. तिनं स्वतःला सांगितलं, धाव, अगं धाव, इथं कोणी पंच नाही. पायांना ते कळलं नाही. पोचली तेव्हा रखवालदारानं तिला अडवलं नाही. तो बाजूला झाला, आणि त्याच्या बाजूला होण्यातच तिला सगळं समजलं. दादा वॉर्डच्या दारात उभा होता. "पावणेसातला," तो म्हणाला.  ती तेव्हा कपाटावर बसून घंटेकडे बघत होती.

तिनं आईचा हात धरला. अजून कोमट होता. बोटाचं टोक शिवणाच्या सुईनं घट्टे पडून टणक झालं होतं, ते ती चाचपत राहिली. आणि तिला लघवीला लागली होती. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही आणि सांगणारही नाही: आई गेली आहे, आपण तिचा हात धरून बसलो आहोत, आणि अंगात दुसरी कुठलीही भावना शिरायला जागा नाही, इतकं ते एक दुखतंय. शेवटी ती उठून गेली, तिथल्याच बाथरूमात, दाराला आतून कडी लावून, एकटी, आणि तिथं तिला रडू फुटलं. परत आली तर दादा खिडकीशी उभा होता. मागे न वळता म्हणाला, "शुद्धीवर होती थोडी. दोनदा विचारलं तिनं, किती वाजले." "तू काय सांगितलंस?" "म्हटलं, होतील आता सात."  आईनं का विचारलं असेल, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि तिलाही. सात वाजले की मुलगी येईल, म्हणून? की सात वाजेपर्यंत ती बसली आहे ना घरी, चुकत नाही ना, याची खात्री करून घ्यायला? पहिलं खरं असेल तर तिनं आईला ताटकळत ठेवून मारलं. दुसरं खरं असेल तर आई तिचा तास मोजत गेली. रात्री अंथरुणात ती दोन्ही आलटून पालटून खरी धरून बघायची. कुठल्याच कुशीवर झोप लागायची नाही.

त्याच दिवशी रात्री सगळं उरकून ते दादाच्या घरी बसले होते. वहिनीनं दिवा लहान केला होता, चहाचे कप तसेच पडले होते. जेवणं झाल्यावरची ती वेळ, रोज आईचा फोन यायची. तिनं पर्समधून फोन काढला आणि उद्याचा तास, उद्याचा पत्ता भरला. बोटांनी आपोआप भरला. ती वर बघते तो दादा तिच्याकडे बघत होता. रागावला नव्हता. त्याचा चेहरा नुसता थकलेला होता, आणि त्यानं अगदी सपाट आवाजात विचारलं, "उद्याचं भरलंस?" वहिनी म्हणाली, "अहो." तो म्हणाला, "विचारतोय फक्त. रोज विचारायचं कोणीतरी." त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलतो. आईची खोली रिकामी करताना शिलाई मशीन कोण नेणार एवढं बोलणं झालं. बदक म्हणून त्यानं हाक मारलेली नाही.

बाहेर दार उघडल्याचा आवाज आला. समोरच्या काकूंचं दार, ते उघडताना रडतं. "कोण हवंय?" काकूंचा आवाज. बाईंनी तिचं आडनाव सांगितलं, आपलं काम सांगितलं. आवाज सर्दीनं भरलेला होता. "असेल ना घरात," काकू म्हणाल्या. "कुठे जातेय ती? दिवस दिवस बाहेर पडत नाही. आई गेली हो तिची."  "मला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "आम्हाला नुसता पत्ता देतात." "मग आज राहू द्या की. चार दिवसांनी या." "तसं नाही करता येत हो." "बरं, मग जा तरी. जिन्यात किती वेळ उभ्या राहणार?" "जाताही येत नाही. तास पुरा होईपर्यंत इथून हलायचं नाही असा नियम आहे आम्हाला." काकू म्हणाल्या, "कमालच आहे. कोण बघतंय तुमच्याकडे?" बाईंनी नाक शिंकरलं. "कोणी नाही बघत," त्या म्हणाल्या. "पण मग उघडलं नाही असं मी लिहून दिलं, आणि तेवढ्यात त्या उठून दाराशी आल्या असल्या तर? त्यांचं नुकसान ना." काकूंनी त्यांना स्टूल आणून दिलं असावं, फरशीवर पाय घासल्याचा आवाज झाला. मग काकूंचं दार रडत मिटलं. बाई बाहेर बसल्या, ती आत बसली. मध्ये दार. दोघींपैकी एकीलाही जाता येत नव्हतं.

ती त्या बाईंचा श्वास ऐकत राहिली. चांगली असणार बाई. तिला राग करायला कुणीतरी हवं होतं आणि दाराबाहेर ही बसली होती, सर्दी झालेली, दुसऱ्याचं नुकसान नको म्हणून. नियम करणारे कुठेतरी दूर असतील, तेही चांगलेच असतील. रखवालदारही आपलं काम करत होता. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं होतं, तिनंसुद्धा. तिनं डोळे मिटले. बसून राहायचं, सातपर्यंतच तर. मग बाई उठतील, कागद भरतील, जातील. तिसरी चूक होईल आणि सगळं संपेल. दादाला फोन करून सांगता येईल, दादा, सोडलं मी. तो काय म्हणेल? आणि तिला एकदम ऐकू आलं, दादा काय म्हणेल. तो म्हणेल, हे आज करायचं होतं, तर त्या दिवशी का नाही केलंस? त्या दिवशी या दारातून बाहेर पडली असतीस, तर आईला हात तरी लागला असता तुझा. इतक्या सोप्या गोष्टीसाठी तू तिला घड्याळ बघायला लावलंस? आज दार उघडलं नाही, तर त्या दिवशीचं थांबणं नुसतंच थांबणं ठरत होतं. कशासाठीही नाही, कुणासाठीही नाही. उघडलं तर निदान ते एका शर्यतीसाठी होतं. फार मोठी गोष्ट नव्हे शर्यत म्हणजे. पण काहीतरी. आईला तेवढ्या किमतीला विकली असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. फुकट तरी नाही घालवली. ती उठली, आणि घंटा तिसऱ्यांदा वाजायच्या आत कडी काढली.

बाई स्टुलावरून घाईघाईनं उठल्या. पन्नाशीच्या, नाकाचा शेंडा लाल झालेला. "सॉरी," त्या म्हणाल्या. कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही. पुढचं सगळं पाठ असल्यासारखं झालं. ओळखपत्र दाखवलं. तीन बंद खोकी पुढे ठेवली, त्यातलं एक तिनं निवडलं. सील नीट आहे ना, तुम्हीच बघा. हात धुवा, साबण नको. बाथरूममध्ये बाई दाराशी उभ्या राहिल्या; शर्ट छातीपर्यंत वर, बाह्या कोपरापर्यंत, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली, कारण काही लपवलेलं नाही हे दिसायला हवं. परक्या बाईसमोर असं उभं राहायची तिला खरोखर सवय होती. बाईंनी बघायचं होतं तितकंच बघितलं. उठल्यापासून धरून ठेवलेलं होतं, भांडं लगेच भरलं. मग टेबलाशी बसून तिनं ते दोन बाटल्यांत ओतलं, झाकणं फिरवली, ती करकरत घट्ट बसली. "गेल्या आठवड्यात काही औषध? झोपेची गोळी वगैरे?" बाईंनी विचारलं. "नाही." "झोप लागते?" हा प्रश्न कागदावर नव्हता. तिनं मान हलवली, हो की नाही ते तिलाच कळलं नाही. बाईंनी पुढचं विचारलं नाही. "या रकान्यात काही लिहायचं असेल तर. तक्रार, सूचना, काहीही." तिनं पेन हातात घेतलं. त्या दिवशी कोणी आलं नाही, असं लिहावंसं वाटलं तिला. पण ही काही तक्रार नव्हती. तिनं सही केली.

बाईंनी बाटल्या बॅगेत ठेवल्या, कागदाची प्रत तिच्या हातात दिली. दाराशी जाऊन वळल्या, काहीतरी बरं बोलावं असं त्यांच्या मनात होतं आणि सुचलं ते रोजचंच. "झालं तुमचं," त्या म्हणाल्या. "आता मोकळ्या तुम्ही. सातपर्यंत थांबायचं कारण नाही. कुठे जायचं असेल तर जाऊ शकता." त्यांची पावलं जिना उतरत खाली गेली. खालचं मोठं दार लागलं.

 मग तिनं भराभर बूट घातले, नाड्या ओढल्या, किल्ली घेतली, अंगात त्या दिवशीचीच घाई उतरली, गुडघे ताठ झाले, आणि दार ओढून घेता घेता तिनं दादाला फोन लावला. दोन रिंगमध्येच त्यानं उचलला. झोपेतला, घाबरलेला आवाज. "काय गं?" "दादा," ती म्हणाली, तिला धाप लागली होती, "बाई येऊन गेल्या. सुटले मी लवकर. निघालेच मी, पोचते वीस मिनिटांत."

 पलीकडे वहिनी कोण आहे विचारत होती, ते ऐकू आलं. मग दादानं, कित्येक दिवसांत बोलला नव्हता इतक्या मायेनं विचारलं, "कुठे निघालीस, बदक?"

ती जिन्यात उभी राहिली. सात वाजायला अजून वेळ होता.